एकास एक, हातचे चार

“फक्त तुम्ही आणि तो. तिसरं कुणी नको,” असं त्याच्या आईनं पहिल्याच फोनवर बजावलं होतं. क्लासमध्ये एका बॅचला साठ-साठ पोरं, त्यात आपल्याकडे कोण बघणार, म्हणून त्यांना ‘वन टू वन’ हवं होतं. ठरल्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला मी डोंबिवलीत टिळकनगरमधल्या त्यांच्या हॉलमध्ये जाऊन बसलो आणि सवयीप्रमाणे आधी डोकी मोजली. डायनिंग टेबलाच्या अलीकडे मी, पलीकडे मुलगा. स्वयंपाकघराच्या दारात मेथी निवडत आई. खिडकीपाशी आरामखुर्चीत आजोबा. त्यांच्या तोंडासमोर पेपर होता, पण तासाभरात त्याचं एक पान उलटलं नाही. टेबलाखाली धाकटी बहीण. आणि टीव्हीच्या वर भिंतीवर लिंबाएवढा पांढरा कॅमेरा, त्याच्या दुसऱ्या टोकाला बीकेसीच्या ऑफिसात बसलेले वडील. एकास एक, हातचे चार.

गेली एकवीस वर्षं मी घरोघरी जाऊन आठवी ते दहावीच्या मुलांना गणित आणि विज्ञान शिकवतो. त्याआधी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये होतो. कारखाना बंद पडला आणि मी चालू झालो. या धंद्यात पालकांना नाव नसतं. माझ्या फोनमध्ये ‘नववी पेंडसेनगर आई’, ‘दहावी बी विंग आई’, ‘बाबा (फी)’ अशी माणसं आहेत. या मुलाचंही नाव मी इथं सांगणार नाही, कारण त्याच्या आई मिळेल ते वाचतात. आपण त्याला ‘क्ष’ म्हणू. नाहीतरी दोन वर्षं मी त्याचीच किंमत काढत होतो. टेबलाखालची बहीण ओघानंच ‘य’.

पहिला तास डेमोचा असतो. डेमो मुलाचा नसतो, माझा असतो. मुलगी बघायला आल्यासारखं सगळं घर बसतं आणि मी पोहे खात खात नवाचा पाढा बोटांवर करून दाखवतो. सुरुवातीला मला हे फार अपमानास्पद वाटायचं. मग कुठंतरी वाचलं की 1902 च्या फेब्रुवारीत बर्न शहरातल्या वर्तमानपत्रात आल्बर्ट आईनस्टाईननंही जाहिरात दिली होती : गणित आणि भौतिकशास्त्राच्या खासगी शिकवण्या, चाचणीचे तास फुकट. ती वाचून मॉरिस सोलोव्हिन नावाचा तरुण आला. थोड्याच दिवसांत शिकवणी बाजूला राहिली आणि दोघं तत्त्वज्ञानावर गप्पा मारायला लागले. फी बुडाली, पण तीन वर्षांनी 1905 साल आलं आणि सापेक्षता जन्मली. माझ्याही पुष्कळ शिकवण्या गप्पांत बुडाल्या आहेत. 1905 काही अजून आलेलं नाही.

डेमो संपला की आई जरा पुढे सरकतात आणि आवाज उतरवून सांगतात, “मुलगा हुशार आहे हो, सर. फक्त सिली मिस्टेक करतो.”

हे वाक्य मी टिळकनगरात ऐकलं, पश्चिमेला ऐकलं, ठाकुर्लीत ऐकलं. एकवीस वर्षांत मला चुका करणारा मुलगा भेटलेला नाही. चूक, घोडचूक, गफलत, घोळ, घोटाळा असे एकाहून एक सरस शब्द मराठीत पडून असताना सगळ्या घरांनी मिळून हा एकच उचललाय, कारण त्यात मुलाचा काही दोष नाही. सिली मिस्टेक पोराच्या हातून होत नाही, ती पोराला होते. सर्दी होते तशी.

क्षची पहिली सर्दी मी दुसऱ्याच आठवड्यात पाहिली. उदाहरण नेहमीचं होतं. वडिलांचं आजचं वय मुलाच्या पाचपट, पाच वर्षांनी तिप्पट होणार, तर दोघांची वयं काढा. क्षनं समीकरण अगदी बरोबर मांडलं. मग एक पद या बाजूचं त्या बाजूला नेताना चिन्ह वाटेत सांडलं. मुलाचं वय आलं उणे पाच, वडिलांचं उणे पंचवीस. त्यानं पट्टी घेऊन उत्तराखाली दोन रेघा मारल्या, पेन बंद केलं आणि माझ्याकडे समाधानानं पाहिलं.

मी म्हटलं, “अरे, याचा अर्थ मुलगा अजून पाच वर्षांनी जन्मणार आणि त्याचे वडील पंचवीस वर्षांनी. म्हणजे मुलगा बापाच्या वीस वर्षं आधी!”

क्ष विचारात पडला. टेबलाखालून खुसखुस ऐकू आली. तेवढ्यात टीव्हीच्या वरून आकाशवाणी झाली, “सर, पण स्टेप्स बरोबर आहेत ना? बोर्डात स्टेपला मार्क असतात.”

मी वर पाहिलं. गणितानुसार अजून जन्माला न आलेला एक बाप मुलाच्या दीड मार्कासाठी बीकेसीतून भांडत होता.

या कॅमेऱ्याची सवय व्हायला मला तीन महिने लागले. शाळेत इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येतो. इथं तो भिंतीवर कायमचा राहायला होता. त्याला झोप लागली की जाग आली हे एका निळ्या ठिपक्यावरून कळायचं. ठिपका पेटला की क्ष पाठ ताठ करायचा, मी आवाज चढवायचो आणि आजोबा पेपरमागून म्हणायचे, “आले.”

*

आता वन टू वनची खरी गोष्ट सांगतो. वर्गात साठ मुलं असली की लपायला जागा असते. पुढचा मुलगा अंगानं भरलेला असेल तर त्याच्यामागे अख्खी त्रिकोणमिती काढता येते. डायनिंग टेबलावर ती सोय नाही. समोर मी, मध्ये प्लॅस्टिकचं टेबलक्लॉथ आणि त्यावर छापलेली द्राक्षं. मुलाला करण्यासारख्या दोनच गोष्टी उरतात : एक तर शिकायचं, नाहीतर “हो, कळलं” म्हणायचं.

‘कळलं’ या शब्दावर मी एक प्रबंध लिहू शकेन. माझं वाक्य संपायच्या आत आलेलं ‘कळलं’ म्हणजे मुलगा आपल्यात नाही, तो अजून शाळेच्या बसमध्ये आहे. मान खाली घालून दोनदा म्हटलेलं ‘हो हो, कळलं’ म्हणजे ऐकलंय सगळं, आता कृपा करून थांबा. ‘कळलं, पण परत एकदा सांगा’ हे घड्याळात सात वाजून पंचवीस मिनिटं झाल्यावर येतं. त्यात ज्ञानाची भूक नसून नवीन उदाहरण टळावं ही इच्छा असते. खरोखर कळलेला मुलगा ‘कळलं’ म्हणत नाही. तो चिडतो. त्याच्या कपाळावर आठी पडते आणि तो आपल्यावरच खेकसतो, “मग हे असं आधीच का नाही सांगितलं?” ही आठी बघायला मिळावी म्हणून मी पावसाळ्यात पुलावरून पूर्व-पश्चिम करतो. ती महिन्यातून दोन-तीनदा दिसली तरी पुष्कळ.

पण लपायला जागा नसणं दोन्ही बाजूंनी असतं, हे मला क्षकडे कळलं. वर्गात शिक्षकाला फळा असतो. अडचणीचा प्रश्न आला की फळ्याकडे तोंड करायचं, डस्टर घ्यायचं आणि सावकाश पुसत राहायचं. तोवर बेल होते. इथं मला फळाही नव्हता आणि बेलही नव्हती. एके दिवशी क्षनं द्राक्षांवर कोपर टेकून विचारलं, “सर, मायनस इंटू मायनस प्लस का?”

“नियम आहे,” मी म्हणालो.

“कुणाचा?”

एकवीस वर्षं हा नियम मी हजारो वेळा सांगितला असेल. कुणाचा, हे कुणी विचारलं नव्हतं. मी संख्यारेषा काढली. उलट दिशेच्या उलट दिशा सांगितली. क्ष “हो हो, कळलं” म्हणाला. कॅमेऱ्याचा ठिपका निळा होता. तेव्हा दोन महिन्यांत पहिल्यांदाच पेपरची घडी पडली.

आजोबा बँकेतून निवृत्त झालेले. ते क्षला म्हणाले, “मायनस कसलं रे मेल्या, ऋण म्हण, ऋण. ऋण म्हणजे कर्ज. समज, मी चार जणांचं प्रत्येकी पाचशे रुपये देणं लागतो. उद्या ती चारही देणी कुणी माझ्या डोक्यावरून काढून टाकली, तर मी किती सुधारलो?”

“दोन हजारनी.”

“काढून टाकली म्हणजे उणे. किती? चार. देणं म्हणजेही उणे. किती? पाचशे. उणे चार गुणिले उणे पाचशे?”

क्ष गप्प झाला. मग कपाळावर आठी पडली. “मग हे असं आधीच का नाही सांगितलं?” तो माझ्यावर खेकसला. एवढी सुंदर आठी, आणि ती माझी नव्हती.

घरी जाऊन शोधलं. ब्रह्मगुप्तानं 628 साली ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त धन आणि ऋण संख्यांचे नियम हेच शब्द वापरून दिलेत. मिळकत आणि कर्ज. आपण मुलांना सेमी इंग्रजीत घातलं, ऋणाचं मायनस केलं, आणि मग त्यांना कळत नाही म्हणून शिकवणी लावली. अर्थात माझी तक्रार नाही. माझं पोट त्यावरच चालतं.

या घरात गणिताच्या तीन भाषा होत्या. आजोबा त्रैराशिक म्हणत, वडील कॅमेऱ्यातून लसावि म्हणत आणि क्ष एलसीएम. आजोबांनी ‘एकोणऐंशी’ म्हटलं की क्ष माझ्याकडे बघे, “सेव्हन्टी नाइन की एटी नाइन?” 2019 मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’ असंही म्हणायला सुरुवात केली तेव्हा मंगला नारळीकरांच्या समितीवर महाराष्ट्रभर टीकेची झोड उठली होती. आजोबांचा त्यावरचा राग अजून ताजा होता आणि त्यांच्यासमोर मीही जोरजोरात मान हलवायचो. एका ओळीचं उदाहरण वाचून दाखवताना ‘त्र्याण्णव’पाशी मूल अडखळलं की माझं मत गुपचूप बदलतं, हे त्यांना कधी सांगितलं नाही.

ऋणाचं देणं चुकतं केल्यावर आजोबा उघडपणे माझ्या तासाला बसायला लागले. पेपर गेला. एक दिवस त्यांनी थेट मलाच उभं केलं.

“सर, सात औट?”

“औट म्हणजे?”

त्यांनी चष्मा काढला. “साडेतीन. औटकी येत नाही तुम्हाला? पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. आम्ही चौथीच्या आत पाठ केल्या होत्या.”

मी कबूल केलं की पावकीच्या पुढे माझी गाडी जात नाही.

“साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठं, साडेतीन शहाणे,” आजोबा म्हणाले, “आणि साडेतीनचा पाढा येत नाही!” मग कॅमेऱ्याकडे वळून, “यांना किती देतोस रे तू?”

*

विज्ञानाचा तास मात्र आजोबांचा नव्हता, आईंचा होता. त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं की आमच्याकडे गणित आणि सायन्स कुणालाच नाही, ते माहेरूनच नाही. आनुवंशिकतेच्या धड्यात मेंडेलनं वाटाण्यावर जे सांगितलंय ते बहुतेक घरांत माहेरच्या माणसांवर सिद्ध झालेलं असतं.

‘उष्णता’ हा धडा चालू होता. अप्रकट उष्मा. मी सांगत होतो की उघड्या भांड्यातलं पाणी एकदा खळखळ उकळायला लागलं की आच वाढवा नाहीतर कमी करा, तापमान शंभराच्या वर जात नाही. जास्तीची सगळी उष्णता वाफ करण्यात जाते, एका ग्रॅमला 540 कॅलरी. क्ष म्हणाला, “हो, कळलं.” स्वयंपाकघरातून मेथीची जुडी बाहेर आली आणि तिच्या मागून आई.

“म्हणजे पातेल्यात बटाटे उकडताना गॅस मोठा ठेवला तर लवकर उकडत नाहीत?”

“नाही. पाणी लवकर आटतं, एवढंच.”

“मग कुकरमध्ये?”

“तिथं दाब वाढतो, म्हणून पाणी 120 अंशांच्या आसपास जाऊन उकळतं. पण शिट्टी झाल्यावर तिथंही मोठ्या आचेचा उपयोग नाही.”

त्या आत गेल्या. गॅसचं बटण फिरल्याचा आवाज आला. मग आतूनच आवाज, “सासूबाई सोळा वर्षं कानीकपाळी ओरडत होत्या, गॅस बारीक कर म्हणून. मला वाटायचं, चिकटपणा.” थोडा वेळ शांतता. “गेल्या बिचाऱ्या.”

सहामाहीत क्षनं व्याख्या लिहिली : लेटंट हीट म्हणजे लेट येणारी हीट. आईंना मात्र हा धडा पाठ झाला. हळद आम्लारीमध्ये लाल होते हे दाखवायला मी एकदा त्यांचाच पांढरा नॅपकिन आणि साबण घेतला, तर त्या म्हणाल्या, “हे मी रोज बघते, सर. तो डाग धुतल्यावर उन्हात टाकला की जातो. का जातो ते सांगा.” मला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सांगितलं : हळदीतला रंग, कर्क्युमिन, उजेडानं मोडतो. त्यांनी मान डोलावली, क्षच्या वहीत डोकावल्या आणि म्हणाल्या, “लिही की.”

डोंबिवलीत दर्शकांचा धडा शिकवायला खरं तर नॅपकिनचीही गरज नाही. 2014 मध्ये इथं हिरवा पाऊस पडल्याची बातमी होती आणि 2020 मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला होता. मुलाला खिडकीपाशी उभं करावं आणि विचारावं, सांग, आज आम्ल की आम्लारी?

बाकी पाठ्यपुस्तकातली उदाहरणं इथं फारशी चालत नाहीत. एक नळ टाकी सहा तासांत भरतो, असं मी वाचलं की क्ष विचारायचा, “सहा तास पाणी? कुठल्या सोसायटीत?” बाळ हुशार होता, हे मी आधीच सांगितलं.

*

गणित कुणालाच नसलेल्या या घरात महिन्याच्या एक तारखेला काय होई ते सांगतो. मी पाकिटाची वाट बघत चपलेत पाय घालायला मुद्दाम उशीर करायचो. आई हात पुसत यायच्या.

“सर, बारा तास ठरले होते. त्यातला एक तुमच्या पुतणीच्या साखरपुड्याला गेला, एक आमच्याकडे सत्यनारायण होता आणि त्या शुक्रवारी तुम्ही लोकल बंद म्हणून अर्धा तास उशिरा आलात. अडीच गेले, साडेनऊ राहिले. चारशेनं अडतीसशे. हे घ्या, मोजून घ्या.”

तीन सेकंद. कागद नाही, पेन्सिल नाही. सत्यनारायण त्यांच्याकडे होता हे मी बोलून दाखवलं नाही, कारण प्रसाद मी खाल्ला होता.

प्रसादावरून आठवलं. क्षच्या पुस्तकात अंकगणिती श्रेढी आहे. माझ्या खाण्याचीही होती. जूनमध्ये पहिलं पद : पोहे, शंकरपाळी, चहा. ऑगस्टमध्ये शंकरपाळी, चहा. दिवाळीला एकदम फराळ, पण तो अपवाद, नियम नव्हे. डिसेंबरात चहा. आणि जानेवारीत, प्रिलिमचे मार्क आल्यानंतर, “सर, चहा घेणार का?” असा प्रश्न. ज्या घरात चहा प्रश्नार्थक झाला तिथं शिक्षकानं ‘नको’ म्हणायचं असतं, हे शिकायला मला फार वर्षं लागली.

शिकवणीला जाता-येता जिन्यांमध्ये कधी कधी ओळखीचे चेहरे भेटतात. शिक्षण हक्क कायद्याच्या 28 व्या कलमानुसार शाळेतल्या शिक्षकाला खासगी शिकवणी करायला बंदी आहे. त्यामुळे एखादे सर वरच्या मजल्यावरून उतरताना दिसले की आम्ही दोघंही कुणाच्या तरी बारशाला आल्यासारखं हसतो आणि लिफ्ट नादुरुस्त आहे यावर बोलतो.

एवढा सगळा खटाटोप करून वन टू वनचा उपयोग होतो का? होतो, असा पुरावा आहे. 1984 मध्ये शिकागो विद्यापीठातल्या बेंजामिन ब्लूम यांनी दाखवलं की एकट्यानं शिकवणी मिळालेला सरासरी मुलगा नेहमीच्या वर्गातल्या अठ्ठ्याण्णव टक्के मुलांच्या पुढे जातो. हे मी क्षच्या वडिलांना कॅमेऱ्याकडे बघून सांगितलं. त्यांनी विचारलं, “मग आपला का जात नाही?” मी म्हटलं, ब्लूमसाहेबांच्या प्रयोगात टेबलाखाली कुणी नव्हतं.

टेबलाखालची गोष्ट अशी की य तिथं बसून सगळं ऐकत होती. ती तिसरीत. एके दिवशी मी क्षला (a + b) चा वर्ग विचारला. तो छताकडे पाहायला लागला. छतावर काही मिळेना तसा पंख्याकडे. खालून पातळ आवाज आला, “a स्क्वेअर प्लस टू एबी प्लस बी स्क्वेअर. टू एबी विसरतोस तू, दादा.”

त्या दिवशी मला भास्कराचार्य आठवले. 1150 मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त ते भुंगे, हंस, माकडं, साप आणि मोर यांची उदाहरणं एका मुलीला घालतात. ती त्यांची लेक होती आणि तिचं लग्न मोडल्यावर तिचं मन रमावं म्हणून हे पुस्तक लिहिलं, अशी दंतकथा आहे. म्हणजे आपल्याकडची सगळ्यांत गाजलेली वन टू वन शिकवणी घरातलीच, आणि मुलीची. पुढे नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला चाळीसगावजवळ पाटणला मठ काढला. तिथल्या देवळातल्या शिलालेखात त्याची नोंद आहे, मिळालेल्या देणग्यांसकट. एक तारखेला दारात चपला घालत उभं राहायची वेळ त्या गुरुजींवर आली नसावी. आजोबांना हे सांगितलं तर ते खूश झाले. “नातू असा असावा,” असं क्षकडे बघत म्हणाले. क्ष कंपासपेटीत डिव्हायडर शोधत होता. तो तिथं नव्हता. गेल्या पाच महिन्यांत तो कधीच तिथं नव्हता.

*

दहावीचा निकाल लागला त्या दिवशी दुपारी एकला फोन आला. बीजगणित 40 पैकी 27, भूमिती 29, अंतर्गत 18. एकूण 74.

“सव्वीस मार्क सिली मिस्टेकमध्ये गेले, सर,” आई म्हणाल्या.

त्याच फोनवर त्यांनी यची शिकवणी ठरवली. सोमवार आणि गुरुवार, साडेसहा ते साडेसात. “फक्त तुम्ही आणि ती,” असंही बजावलं. ती टेबलाच्या वर बसते आता. कॅमेरा आहे. आजोबा आहेत. आई तोंडल्याच्या चकत्या करता करता ऐकतात आणि गॅस बारीक असतो. तासाची शेवटची दहा मिनिटं मात्र माझी नसतात, आजोबांची असतात. त्यांना माझ्याकडून औटकी दहापर्यंत पाठ करून घ्यायची आहे. “एक औट साडेतीन, बे औट सात, तीन औट साडेदहा” इथपर्यंत मी न अडखळता जातो.

परवा मी आठ औट सव्वीस म्हणालो. अठ्ठावीस.

“सिली मिस्टेक,” य म्हणाली.

आजोबांनी परत पहिल्यापासून म्हणायला लावली.